दोन ठंडे

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्तानं लातूरला गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. मुहूर्ताला वेळ होता म्हणून सगळे एका हॉटेलात शिरलो. काय आणू, असं वेटरनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "ठंडा काय काय आहे?" माझी सून पुण्याची. स्वभावानं चांगली आहे, माझं पथ्यपाणी माझ्यापेक्षा तीच जास्त सांभाळते. तिनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आई, कोल्ड्रिंक म्हणा ना." मी वेटरकडं बघून पुन्हा म्हणाले, आता जरा मोठ्यानं, "ठंडा." त्याला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. कळण्याचा प्रश्न तिथं नव्हताच, कधीच नसतो. सुनेला वाटलं, सासूबाई हट्टाला पेटल्या. बरोबर वाटलं तिला. या एका शब्दापायी मी ऐन उमेदीत एक घर सोडलं, एक वर्ष घालवलं आणि माझं डॉक्टर होणं त्यातच राहून गेलं. एवढं सगळं देऊन राखलेला शब्द आता म्हातारपणी एका हॉटेलात लाजून सोडून द्यायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही.

मुखेडला आठवडी बाजाराच्या तोंडाशी आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची एक खोली, खोलीत गॅसची टाकी, हातानं फिरवायचं एक मशीन आणि भिंतीला लागून पाण्याचा हौद. पुढं दोन बाकडी टाकली की तेच दुकान. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, अण्णा, माय आणि त्यांची एकुलती एक लेक मी. बाटल्या जाड हिरव्या काचेच्या, गळ्याशी चिमटलेल्या, आत काचेची गोटी. अण्णा अंगाला गोणपाट गुंडाळून मशीनपाशी उभे राहायचे, कारण एखादी बाटली गॅसच्या जोरानं फुटली की काचा थेट अंगावर यायच्या. त्यांच्या उजव्या मनगटावर तशी एक जुनी खूण होती. माझी सकाळ व्हायची ती मशीनच्या दांड्याच्या कुरकुरीनं आणि गोट्या एकामागून एक गळ्यात जाऊन बसतानाच्या टकटक आवाजानं. चुलीवर मायचा साखरेचा पाक चढलेला असायचा. त्यात लिंबाचं सत्त पडायचं, कधी संत्र्याचा नाहीतर गुलाबाचा अर्क. सगळ्या घराला तो वास, धुतलेल्या कपड्यांना, माझ्या वेण्यांनासुद्धा. मी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी खाऊन वाढले, पण आमच्या भाकरीलाही गुलाबाचा वास यायचा. बर्फ नांदेडहून यायचा तो फक्त बाजारच्या दिवशी, लाकडाच्या भुशात दाबून. एरवी बाटल्या हौदात, नाहीतर ओल्या पोत्याखाली. त्यामुळं आमचा ठंडा दर वेळी थंड असायचाच असं नाही. पण नाव ठंडाच होतं आणि त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही.

बाजाराला चारी बाजूंनी माणसं यायची आणि प्रत्येकाचा शब्द वेगळा. देगलूरकडची तेलुगू बोलणारी मंडळी कूलड्रिंक मागायची. उदगीरकडून येणारा एक गुरांचा व्यापारी नुसतं सोडा म्हणायचा आणि त्याला हवा असायचा गोड गुलाबी. नांदेडहून कापडाचे गठ्ठे घेऊन येणारे एक मियांभाई बाकड्यावर बसता बसता म्हणायचे, ठंडा पिलाव अण्णा. आम्हा मुखेडकरांचाही शब्द तोच. मायचं माहेर जळकोट, तिकडं गोटीचं पाणी म्हणायचे. वाड्या-तांड्यांवरच्या बाया सरळ बाटली द्या म्हणायच्या, आणि शहरात बाईनं बाटली मागितली तर लोकांच्या भुवया वर जातात हे मला पुढं लातूरला कळलं. अण्णा प्रत्येकाला त्याच्याच शब्दानं उत्तर द्यायचे. देगलूरच्या माणसाला म्हणायचे, घ्या कूलड्रिंक. बायांना म्हणायचे, घ्या माय बाटली. मी लहान असताना एकदा त्यांना विचारलं होतं की यातला खरा शब्द कोणता. ते गोणपाट सोडता सोडता म्हणाले, "ज्याला तहान लागली त्याचा." गिऱ्हाइकाचा शब्द दुरुस्त करायचा नाही हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी हयातभर पाळला, एक वेळ सोडून. ती वेळ पुढं येईलच.

आमच्या दुकानाची एक रीतही होती. ती कुणी सुरू केली हे अण्णांनाही सांगता यायचं नाही. दोन माणसांचं बिनसलं, बांधावरून म्हणा, भावकीतून म्हणा, आणि काही दिवसांनी मिटवावं असं वाटलं, की ज्यानं दुखवलं त्यानं बाजारच्या दिवशी आमच्याकडं यायचं आणि चार माणसांत म्हणायचं, अण्णा, दोन ठंडे द्या. एकटा माणूस दोन मागतो म्हणजे काय, ते बाकड्यावरच्या सगळ्यांना कळायचं. मग दुसऱ्याला निरोप जायचा. तो आला की दोघांनी एकेक बाटली घ्यायची, गोटी ढकलायचं लाकडी टोपण न वापरता अंगठ्यानंच ती आत ढकलून फोडायची आणि आपली बाटली समोरच्याच्या हातात द्यायची. स्वतः फोडलेली स्वतः प्यायची नाही. एवढंच. माफी नाही, कोण चुकलं याची उजळणी नाही. मात्र मागताना आवाज बाकड्यापर्यंत पोचला पाहिजे. घरात बसून, हळूच, कानात, असं काही केलं तर ते धरलं जायचं नाही. ही रीत पुरुषांची होती. बायांची भांडणं बाया पाणवठ्यावर मिटवायच्या, किंवा मिटवायच्या नाहीत.

दहावीला मला मार्क चांगले पडले आणि लातूरहून दिगंबरमामा आले. मायचा हा धाकटा भाऊ, जळकोटच्या शाळेतून शिकून लातूरच्या एका कॉलेजात प्राध्यापक झालेला. तो मायला अक्का म्हणायचा. ओसरीवर बसून धपाटे खाता खाता तो म्हणाला की अक्का, सुमीला माझ्याकडं पाठव, मी तिला डॉक्टर करून परत देतो. हे तो मनापासून बोलत होता आणि मनापासून त्यानं केलंही. कॉलेजात स्वतः नाव घालायला आला, पुस्तकं आणली, पहाटे उठून मला गणितं घातली. त्याचं जे चुकलं ते मी सांगणारच आहे, म्हणून जे चुकलं नाही तेही सांगते. अण्णांनी त्याला निघताना एक पेटी भरून बाटल्या दिल्या. त्या त्यानं हसत हसत यष्टीत चढवल्या.

मामी पुण्याची. ती वरणात गूळ घालायची आणि तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी काढायची. लोकांना वाटतं, माझे शब्द खुपले असतील तर तिला. तसं नव्हतं. काय करताय याला मी आमच्यासारखं "काय करूलालाव मामी" म्हटलं की ती खुदकन हसायची आणि मला ते पुन्हा म्हणायला लावायची, मग स्वतः म्हणून बघायची. तिच्या हसण्याचा मला कधी राग आला नाही. माझा शब्द पुण्याच्या मामीला खुपत नव्हता, तो जळकोटच्या मामाला खुपत होता. तिच्या तोंडून निघालेला आमचा शब्द म्हणजे गंमत होती, माझ्या तोंडून निघालेला म्हणजे त्याच्या घरची खूण होती, आणि ती त्याला पुसायची होती.

एकदा त्याच्या कॉलेजचे प्राचार्य घरी आले. मामाला विभागप्रमुख व्हायचं होतं आणि ते या साहेबांच्या हातात होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दार मी उघडलं. आमच्याकडं पाहुण्याला जसं विचारतात तसं विचारलं, "या साहेब, बसा. ठंडा घेता का च्या ठिऊ?" साहेब हसले. वाईट हसले असं म्हणवत नाही. त्यांनी मामाला विचारलं, ही कोण. मामा म्हणाला, गावाकडची आहे, शिकायला ठेवलीय. भाची हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. साहेब गेल्यावर त्यानं मला समोर बसवलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की ठंडा हा बसस्टँडवरचा शब्द आहे, हमालांचा, टांगेवाल्यांचा. उद्या तू डॉक्टर होशील, पेशंटला काय ठंडा विचारणार आहेस? कोल्ड्रिंक म्हणायचं. म्हण बरं.

मी त्याला विचारलं, "मामा, जळकोटला तुम्ही काय म्हणायचा?"

"जळकोट जळकोटला राहिलं," मामा म्हणाला.

मला कोल्ड्रिंक म्हणता येत नव्हतं असं नाही. शाळेत इंग्रजीत मीच पहिली असायची. पण म्हण बरं, असं कुणी म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, ती आजतागायत. त्या दिवसानंतर पाहुणे आले की मी पाण्याचे पेले ठेवायचे आणि गप्प उभी राहायचे. लोक मामाला सांगायचे की पोरगी फार लाजाळू आहे. मी आणि लाजाळू. मुखेडात हे कुणी ऐकलं असतं तर पोट धरधरून हसलं असतं. दीड वर्ष मी त्या घरात अशी लाजाळू होऊन काढलं. बारावीची परीक्षा जवळ आली होती, एवढे दिवस गेले तसे आणखी थोडे जातील असं मनाशी म्हणत होते. तेवढ्यात मामाचं नवं घर बांधून झालं आणि वास्तुशांत निघाली.

वास्तुशांतीला बहीण आणि दाजी पहिल्या मानाचे. माय-अण्णा सकाळच्या यष्टीनं आले. अण्णांच्या अंगावर परीटघडीचं धोतर आणि कोरी टोपी होती, आणि यष्टीच्या टपावर ओल्या पोत्यांत बांधलेल्या बाटल्यांच्या दोन पेट्या होत्या. त्या बाटल्या मी बघितल्याबरोबर ओळखल्या. एकीचाही काठ उडालेला नव्हता, गळ्यातलं रबर नवं होतं, सगळ्या गुलाबाच्या. एवढ्या सारख्या बाटल्या हातानं निवडायला अण्णांच्या किती संध्याकाळी गेल्या असतील ते मला माहीत होतं. वाटेत ते जळकोटच्या स्टँडवर उतरून पोत्यांवर पाणी मारून आले होते, कंडक्टरला थांबायला लावून. मायनं आणलेला आहेर मामानं दोन्ही हातांनी घेतला. बाटल्यांच्या पेट्या बघून मात्र तो जरा थबकला. मग अण्णांना बाजूला घेऊन म्हणाला की दाजी, हे आपण संध्याकाळी घरच्या माणसांत काढू, आत्ता साहेब येणार आहेत, बरं दिसत नाही. अण्णा म्हणाले, "हाव." पेट्या जिन्याखाली गेल्या, केरसुण्या आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी. अण्णा मांडवात एका खुर्चीवर जाऊन बसले. पोत्याचं पाणी जिन्याखालून ओघळून नव्या फरशीवर आलं ते मायनं कुणी बघायच्या आत पुसून घेतलं. मी ते बघितलं.

दुपारी साहेब आले. मोठ्या खोलीत माणसं दाटली होती. बाजारातून आणलेल्या बाटल्या बर्फात मांडल्या होत्या आणि मी त्या ट्रेमधून फिरवत होते, अर्थातच एक शब्द न बोलता. मामानं साहेबांना सगळ्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. अण्णांपाशी आल्यावर म्हणाला, हे आमचे दाजी, मुखेडचे, उद्योजक आहेत. साहेबांनी अदबीनं विचारलं, कसला उद्योग? आणि मामा हसून म्हणाला, "कोल्ड्रिंकची एजन्सी आहे त्यांची. मोठी एजन्सी."

अण्णांनी मान खाली घातली. माझ्या अण्णांनी. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्या माणसाची मान त्या खोलीत खाली गेली, कारण खोटं दुसऱ्यानं सांगितलं होतं आणि ते खोडलं असतं तर बायकोच्या भावाची लाज गेली असती. ते खोडणार नव्हते. माय दारात उभी होती, तिचा पदर तोंडाशी गेला होता. मला त्या क्षणी काय वाटलं हे मी आयुष्यात अनेकदा आठवून पाहिलं आहे. राग आला होता, दुसरं काही नाही. आणि आपण आता बोललो तर या घरातला आपला मुक्काम संपला, हेही मला लख्ख कळत होतं. बेभान होऊन केलं असं लोक म्हणतात तसं ते नव्हतं. पुरत्या भानावर होते मी.

मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "एजन्सी न्हाई साहेब. आमचे अण्णा ठंडा बनवतात. गोटीचा. त्यांनी आणलाय, बघा."

मी जिन्याखालून एक पेटी ओढत आणली. ओली पेटी नव्या फरशीवरून सरकताना मोठा खरखर आवाज झाला. पोतं सोडलं, टोपण घेतलं आणि पहिली बाटली फोडली. बंद खोलीत तो आवाज एखाद्या सुतळी बॉम्बसारखा आला, वरून गुलाबी फेस माझ्या मनगटावरून ओघळला. बाटली मी साहेबांपुढं धरली. साहेबांनी हात जोडले, मला गोड चालत नाही म्हणाले आणि घड्याळ बघितलं. ते लगेच निघाले नाहीत, पण त्यांचं लक्ष उडालं ते उडालंच. इतरांतही बरेच जण मामाच्या तोंडाकडं बघून बाटलीला हात लावेनात. तेव्हा मामीची आई, पुण्याहून आलेली थकलेली बाई, कोपऱ्यातून म्हणाली, "अगं बाई, लेमन! आम्ही याला लेमन म्हणायचो. दे बरं मला." तिनं बाटली घेतली आणि उलटी धरली. गोटी घरंगळत आली आणि तोंडाशी अडकली. गळ्याच्या खालच्या अंगाला एक खाच असते, गोटी तिथं अडवून प्यायचं असतं, नाहीतर थेंब मिळत नाही. अण्णा उठले, तिच्याजवळ गेले, बाटली तिच्या हातात फिरवून दिली आणि म्हणाले, "घ्या, लेमन घ्या." त्यांची मान वर झाली होती. बाकी त्या दिवशी काय झालं, कोण काय म्हणालं, याची मला फिकीर नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मामानं मला उभं केलं. तो ओरडला नाही. माझी दोन वर्षांची मेहनत तू पाच मिनिटांत मातीत घातलीस, असं म्हणाला. उद्या सकाळी माझ्याबरोबर साहेबांच्या घरी येऊन माफी माग, म्हणजे मी सगळं विसरतो. नाहीतर तुझी सोय दुसरीकडं बघावी लागेल. मायनं माझा हात धरला. तिला भाऊ हवा होता आणि लेक डॉक्टर व्हायला हवी होती, आणि दोन्हींची किंमत माझे चार शब्द होते. "बोल बाई, आन मोकळी हो," ती म्हणाली. "परीक्षा तोंडावर हाय."

"कशाची माफी मागू?" मी म्हणाले. "अण्णा ठंडा बनवतात याची?"

मामानं भिंतीकडं बघितलं. अण्णा इतका वेळ दारात बसून रिकाम्या बाटल्या पोत्यात बांधत होते. त्यांनी पोत्याची गाठ आवळली आणि मला म्हणाले, "सुमे, पेटी भर."

ती परीक्षा मी दिली नाही. पुढच्या वर्षी नांदेडला नाव घातलं, एका खोलीत तीन मुली राहून, स्टोव्हवर भात शिजवून बारावी केली. मेडिकलला थोडक्यात हुकलं. मामाच्या पहाटेच्या गणितांनी तेवढे मार्क भरून निघाले असते, हे मला ठाऊक आहे. मग रसायनशास्त्र घेतलं, त्यातच पुढं शिकले, नांदेडलाच जन्मभर शिकवलं. लग्नानंतर विष्णुपुरीच्या रस्त्याला घर झालं. गॅस पाण्यात कसा विरघळतो हे सांगायला मी दर वर्षी वर्गात गोटीची बाटली न्यायचे आणि ती फोडायच्या आधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहायचे, ठंडा. मुलं हसायची. हसू दे. ओळखीतले लोक अजून विचारतात, डॉक्टर व्हायचं राहिलं याचं वाईट वाटत नाही का? वाटतं. पण पस्तावा होत नाही. या दोन गोष्टी लोक एकच समजतात, मी समजत नाही.

नांदेडला शिक्षण संपता संपता माझं लग्न ठरलं आणि घरात मामाचा विषय निघाला. मधल्या सगळ्या काळात जाणं-येणं बंद होतं. माय राखीपौर्णिमेला राखी आणायची आणि देवापुढं ठेवून द्यायची. आता नवरीला बोहल्यावर आणायला मामा हवा, आणि हा तिचा एकच भाऊ. तिनं मला मुखेडला बोलावून घेतलं आणि माझ्यापुढं बसली. म्हणाली, तो मोठा आहे, तुझ्या बापासारखा आहे, एकदा जाऊन ये, पाया पड. मी म्हणाले, "बोहल्यावर मी चालत जाईन. पाय हायत मला." माय रडली. मला वाईट वाटलं, पण मी गेले नाही. अण्णांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि मायला एवढंच म्हणाले, "यील त्यो. पण दुकानावरनं यील."

बाजारचा दिवस होता. मी गल्ल्यापाशी बसले होते, अण्णा हौदातून बाटल्या काढत होते. दोन्ही बाकडी भरलेली. समोरून मामा आला, हातात पिशवी, केस कानापाशी पांढरे झालेले. यष्टीतून उतरून सरळ आला होता. पत्र्याखाली उभा राहून त्यानं घाम पुसला. त्याला घरात जाता आलं असतं, मागच्या दारानं सरळ मायकडं. तो गेला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन. तो म्हणाला, "दाजी, एक कोल्ड्रिंक द्या."

अण्णांनी मान वर केली नाही. देगलूरच्या माणसाला कूलड्रिंक, पुण्याच्या म्हातारीला लेमन, बायांना बाटली देणारे माझे अण्णा म्हणाले, "त्ये इथं न्हाई मिळत, दिगंबरराव. स्टँडासमोर मिळतं."

एरवी ते त्याला दिगू म्हणायचे. मामा तसाच उभा राहिला. त्यानं बाकड्यांकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मला वाटलं, हा आता पाठ फिरवणार आणि मायचा भाऊ कायमचा गेला. तेवढ्यात तो गल्ल्यापाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सुमे, दोन ठंडे दे."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणालात मामा?" दुष्टपणा म्हणायचा तर म्हणा. मी आजही विचारीन. आवाज बाकड्यापर्यंत पोचला पाहिजे ही आमच्या दुकानाची रीत होती, आणि मामाला ती माझ्याइतकीच ठाऊक होती.

मामानं श्वास घेतला. "दोन ठंडे दे," तो म्हणाला, आणि या खेपेला पलीकडच्या भाजीवालीनंसुद्धा वळून बघितलं.

मी दोन बाटल्या काढून एक त्याच्यापुढं ठेवली आणि दुसरी अण्णांकडं सरकवली. अण्णांनी ती परत माझ्यापुढं सरकवली. "भांडण तुझं हाय," ते म्हणाले. बाकड्यावर कुणीतरी घसा खाकरला. बाईमाणसानं ठंडा फोडायचा हे त्या पत्र्याखाली आधी कुणी बघितलं नव्हतं. खाकरणाऱ्याकडं अण्णांनी एकदा बघितलं आणि तो गप्प झाला. मी अंगठा गोटीवर ठेवून दाबला. मामानंही दाबला. त्याला दोनदा जोर लावावा लागला, हात मऊ पडले होते. फेस दोघांच्याही मनगटावरून ओघळला. मी माझी बाटली त्याच्या हातात दिली, त्यानं त्याची माझ्या.

मी घोट घेता घेता त्याच्याकडं बघत होते. मामानं बाटली तोंडाला लावली, आणि लावता लावता बोटांनी ती हलकेच फिरवली. त्यानं बघितलं नाही, चाचपलं नाही. खाच बरोबर खाली आली, गोटी जाऊन तिच्यात बसली, आणि तो डोळे मिटून घटाघटा प्यायला लागला.

अण्णा माझ्याकडं वळले आणि बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "बघ. जळकोटचाच हाय अजून."